रंगपटातून : गावात झोंबीपट करायचाय

गेल्या महिन्यात याच पानावर मी माझ्या पुतण्याच्या झोंबीपटाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी, गावातल्याच पोरापोरींना घेऊन, ८ रविवारांत त्यानं २२ मिनिटांचा सिनेमा केला आणि त्याची रंगभूषा मी केली, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं आली की हे अख्खं पान त्यांनाच द्यायचं ठरवलं. बेळगावात ३० वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली, आणि तितकीच वर्षं शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी नि गावोगावच्या यात्रेतल्या नाटकांसाठी तोंडं रंगवली. रंगाचं मी स्वतःच्या हातानं केलेलं सांगते. कॅमेऱ्याचं जे सांगते ते पुतण्याशेजारी उभं राहून शिकलेलं आहे.

*आम्ही युवक मंडळाचे २२ जण आहोत. एक चांगला फोन आहे आणि वर्गणीचे १५,००० रुपये आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत २० मिनिटांचा झोंबीपट करायचाय. सगळे फुकट काम करणार. पैसे कशावर घालावेत? (एक वाचक, जांबोटी परिसर)*

निम्मे पैसे पोटावर घाला. हे मी अगदी हिशेब करून सांगते आहे. सकाळी उप्पीट आणि चहा, दुपारी पोटभर आमटी-भात, चारला पुन्हा चहा आणि भडंग. गणपतीच्या महाप्रसादाची पातेली मंडळात असतीलच, ती काढा. तांदूळ घरोघरून जमतील. मग ७,००० रुपयांत ५-६ दिवस निघतात. उरलेल्यातले अडीच हजार कॉलरला लावायच्या माईकवर, दोन हजार रंगभूषेवर, दीड हजार मांडववाल्याच्या दिव्यांच्या भाड्यावर घाला, आणि बाकीच्या पैशांना हात लावू नका. कुणाचा पाय मुरगळला, जनरेटरचं डिझेल संपलं, पाऊस आला, तर ते लागणारच आहेत.

आमचं पहिल्या रविवारी काय झालं ते सांगते. पुतण्यानं सगळ्यांना सकाळी ६ ला बोलावलं. ३१ जण आले. थंडीचे दिवस, पोरं कानटोप्या घालून देवळाच्या कट्ट्यावर बसली. पहिला शॉट लागला साडेदहाला. तोवर मी पाचजणांची तोंडं रंगवली होती, आणि बाकीचे २६ जण नुसते बसून होते. त्यात एकजण फौंड्रीत रात्रपाळी करून थेट आलेला, झोप डोळ्यांवर तशीच. संध्याकाळपर्यंत त्याच्या वाट्याला एकच शॉट आला, तोही पाठमोरा. तिसऱ्या रविवारी ११ जण आले. पुतण्या चिडला, म्हणाला, “काकू, कुणाला मनापासून करायचंच नाही बघ.” मी त्याला सांगितलं, त्या पोरानं तुला त्याची झोप दिली होती आणि तू ती कट्ट्यावर बसवून घालवलीस.

त्या रात्री बसून आम्ही वही केली. प्रत्येकाच्या नावापुढे तीनच गोष्टी: किती वाजता यायचं, कुठल्या शॉटला लागणार, किती वाजता मोकळा. जवळून दिसणारी मढी ७ ला, मधली ९ ला, लांबची साडेदहाला. आणि मोकळं करायची वेळ झाली की शॉट राहिला तरी माणूस सोडायचा. पाचव्या रविवारी पुन्हा २७ जण आले. रात्रपाळीवाला साडेदहाला, झोप काढून, अंघोळ करून आला. फुकट काम करणाऱ्या माणसाला पगार नसतो, पण त्याची वेळ मोजलेली असली पाहिजे. तुमच्याकडे पैसे नाहीत म्हणजे तुमचा सगळा खर्च दुसऱ्यांच्या वेळेतूनच चाललाय, हे रोज सकाळी वही उघडताना ध्यानात असू द्या.

गोष्टीचं म्हणाल तर जे घर आहे त्यावर लिहा. आपल्या भागात कुलूप लागलेली कौलारू घरं काय कमी आहेत? मालक गोव्याला नाहीतर पुण्याला, वर्षातून गणपतीला येतात. ओसरी, माजघर, माळा, परसू, मागच्या दाराला अडसर. आत चारपाच माणसं, बाहेर मढी. १९६८ साली आलेल्या ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ या सिनेमासाठी अमेरिकेत पिट्सबर्गजवळ दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या मित्रांनी नेमकं हेच केलं होतं. दहाजणांनी सुरुवातीला प्रत्येकी ६०० डॉलर काढून कंपनी उभी केली, एक शेतघर मिळवलं, ओळखीपाळखीच्या लोकांना मढी केलं. सिनेमा कृष्णधवल होता, म्हणून रक्ताला चॉकलेटचं सिरप चाललं. आज झोंबीपट म्हटलं की जे डोळ्यांपुढं येतं, त्यातलं बरंचसं त्या एका घरातून आलंय. तेव्हा शहर उद्ध्वस्त झालेलं दाखवायच्या नादी लागू नका. अडसर सरकल्याचा आवाज नीट आला तरी प्रेक्षक दचकतो.

२२ जणांचे २०० दिसायलाही मैदान लागत नाही, उलट बोळ लागतो. दोन घरांमधल्या बोळात १५ माणसं खांद्याला खांदा लावून आली की मागं किती आहेत ते कळत नाही. पुढून गेलेल्यानं कॅमेऱ्यामागून पळत जाऊन शर्ट बदलून पुन्हा शेवटी लागायचं.

आणि उन्हाळ्याचं. मे महिन्यात दुपारी तोंडावरचा रंग घामानं गळतो आणि चारनंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. सकाळी ६ ते १० एवढंच बाहेरचं काम धरा, दुपारी घरातलं करा. २० मेच्या आत संपवा. त्यानंतर भाताची धूळवाफ पेरणी सुरू होते, मग तुमचे निम्मे कलाकार शेतात असणार आणि ते बरोबरच आहे. मला विचाराल तर सुगी संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत करा. शेतं मोकळी असतात, सकाळी धुकं फुकट मिळतं.

*ताई, मी कॉलेजला आहे. आमच्या शॉर्ट फिल्मसाठी रक्त आणि जखमा मलाच करायच्या आहेत. बाजारातलं सामान परवडत नाही. घरच्या घरी काय करता येईल? (एक वाचक, निपाणी)*

तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रक्त दोन प्रकारचं लागतं, ताजं आणि जुनं. ताज्यासाठी केकचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आण. एक वाटी ग्लुकोजला चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात शिजवून गार केलेलं, आणि खाण्याचा लाल रंग थेंबाथेंबानं घाल. नुसता लाल घातलास तर सरबत दिसेल. काडीच्या टोकावर घेतलेला निळा रंग नाहीतर चिमूटभर कोको घातला की ते रक्त होतं. जुन्या रक्ताला आपल्याकडची काकवी घे. तिचा तपकिरी रंग आधीच आहे, वर थोडा लाल पुरतो. काकवीचं रक्त वाळत आलं की मनगटावर जे चिकट, काळसर दिसतं, तसं मला विकतच्या बाटलीतूनही कधी मिळालं नाही. कपड्यांवर टाकायच्या रक्तात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घाल, म्हणजे धुताना डाग सुटतो. पण तोंडात घ्यायचं रक्त वेगळ्या भांड्यात, त्यात साबण नको, आणि भांड्यावर चिठ्ठी लाव. डोळ्यांत काहीही घालायचं नाही.

काकवीची एक अडचण मात्र आधीच सांगते. आमच्यातल्या एका मुलाला शेताच्या बांधावर मरून पडायचं होतं. मी गळ्यापासून छातीपर्यंत मनासारखी काकवी ओतली. दोन मिनिटांत तो ओरडत उठला, “मुंग्या लागल्यात की ओ काकू!” लाल मुंग्या होत्या. त्याची छाती रात्रीपर्यंत चुरचुरत होती, आणि चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून जमिनीवर पडणाऱ्याला गोड रक्त नाही. त्याच्यासाठी मैद्याची पातळ खळ, त्यात रंग. आणि पडायचे शॉट सगळ्यात आधी उरकायचे.

आता जखम. तुझ्या भावाला समोर बसव, हात पालथा टेबलावर. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी खळ नि थोडा रंग लावून एक दिवस वाट बघ. खाज किंवा लाली आली तर त्या माणसाला ते लावायचं नाही. लॅटेक्स (जखमा करायचं पातळ रबर) वापरणार असशील तर ही चाचणी अजिबात चुकवू नकोस, ते काहींना सोसत नाही. सगळं ठीक असेल तर हातावर मैद्याची खळ बोटानं पातळ पसर. टिश्यू पेपरचे पदर सुटे करून एकच पदर त्यावर ठेव, कडा फाडलेल्या असू देत, कातरीनं कापू नकोस. कातरलेली कड कॅमेऱ्यात लगेच दिसते. वर पुन्हा खळ. आता मूठभर चिरमुरे हातानं भरड चुरड आणि जखमेच्या मधोमध दाब, वर टिश्यूचा दुसरा पदर. पंख्याखाली २० मिनिटं. वाळताना ते कातडी ओढून घेतं आणि चिरमुऱ्यांच्या उंचवट्यांवर भेगा पडतात. त्या भेगांत काडीनं काकवी भर. कडेनं थोडा जांभळा आणि त्याच्या बाहेर पुसट हिरवट-पिवळा, जुन्या माराचा वळ असतो तसा. मध्ये लाल सगळेच देतात, पण जखम खरी दिसते ती या कडेमुळं. काढताना ओढायचं नाही, कोमट पाण्याचं फडकं ५ मिनिटं ठेवायचं. तोंडावरचा तेलकट रंग खोबरेल तेलानं निघतो.

मढ्यांनी खायचं मांस म्हणून कोवळा फणस घे. खानापूरच्या बाजारात फेब्रुवारी-मार्चला मिळतो. हाताला तेल लावून साल काढ, मोठे तुकडे मऊ उकड, आणि बोटांनी उलगड. त्याचे धागे रक्तात बुडवून दातांनी ओढले की बघणाऱ्याचा घास अडतो, आणि शाकाहारी पोरंही बिनघोर खातात.

पुढचे चार चेहरे पूर्ण कर, प्रत्येकी ४० मिनिटं. मधल्या आठांना राखाडी रंग आणि डोळ्यांखाली काजळ, १० मिनिटं. मागच्यांना पावडर आणि फाटके कपडे. मागच्या माणसाच्या गालावर तासभर घालवलास तर तो तास कुणाला दिसणार नाही. घरात जुन्या नाटकवाल्यांची रंगपेटी असेल तर त्यातला हिंगूळ वापरू नकोस, त्यात पारा असतो. आणि सगळं करून झालं की कॅमेऱ्यातून बघ. पिवळ्या बल्बखाली रक्त केशरी दिसतं, रात्री काळं. आरशावर जाऊ नकोस.

कपड्यांचं राहिलंच. घरोघरी जुने मागा, कोपरे-गुडघे नारळाच्या खवणीवर घासा, लाल मातीच्या चिखलात रात्रभर पुरा. पण कुणी वारलेल्या माणसाचे कपडे दिले तर आधी त्या घरच्या सगळ्यांना विचारा. आमच्याकडे एकीनं वडिलांचा सदरा आणला होता आणि तिच्या आईला ते ठाऊक नव्हतं. तो आम्ही घडी करून परत पाठवला.

*आमचे सगळे झोंबी दारू प्यायल्यासारखे चालतात. लोक हसतात. काय करू? (एक वाचक, खानापूर)*

हात पुढं काढून डोलायला कुणी सांगितलं असेल तर ते बंद करा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तू जिवंत असताना दिवसभर काय करत होतास? आमच्यात वडगावचे एक आजोबा होते, पुतण्याच्या मित्राचे. आयुष्य हातमागावर गेलेलं, माग मोडून वीस वर्षं झाली. ते म्हणाले, मला काय चालता येत नाही, मी बसतो. पायरीवर बसले. राखाडी तोंड, मान कलती. आणि पाय आपोआप मागाची फळी दाबायला लागला, उजवा हात धोट्याची दोरी ओढायला लागला. माग नाही, धागा नाही, आवाज नाही. फोन धरलेला पोरगा रडला. तो शॉट ४० सेकंदांचा आहे आणि पुतण्यानं त्यात एकदाही कात्री लावली नाही.

तेव्हा दूधवाल्याच्या मढ्याचा एक खांदा किटलीच्या वजनानं खाली राहू दे, शिक्षिकेचा हात खडू धरल्यासारखा. वेग सगळ्यांचा वेगळा. आणि बघायचं माणसाकडे, कॅमेऱ्याकडे नाही.

*रात्रीचे शॉट फोनवर नुसते दाणेदार येतात, आणि ट्यूबलाइटखाली व्हिडिओत पट्टे फिरतात. नवा कॅमेरा घ्यावा का? (एक वाचक, अनगोळ)*

घेऊ नका. पट्ट्यांचं कारण वीज आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. फोन बहुतेक वेळा सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, घेतो आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला किती वेळ उजेड द्यायचा ते, त्याच्या मर्जीनं ठरवतो, म्हणून दोघांचा मेळ बसत नाही. हातानं सगळं ठरवता येईल असं कॅमेऱ्याचं ॲप घ्या, २५ फ्रेम आणि शटर एक-पन्नासांश सेकंद ठेवा. पट्टे जातात. फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करा, नाहीतर मढं पुढं आलं की चित्र आपोआप उजळतं आणि भीती जाते. फोन विमान मोडवर. आमच्या सगळ्यात चांगल्या शॉटमध्ये कुणाच्या तरी मामाचा फोन आला होता.

दाणे येतात ते अंधारामुळं. खरी रात्र टाळा. सूर्य बुडाल्यावर २०-२५ मिनिटं आभाळात उजेड असतो, तेवढ्यात लांबचे शॉट घ्या. त्याची तालीम दुपारी करून ठेवा, कारण दुसरा टेक मिळेलच असं नाही. दिवसाची रात्रही करता येते. आभाळ चौकटीत घेऊ नका, सूर्य माणसाच्या पाठीशी ठेवा, उजेड (एक्स्पोजर) दोन घरं कमी करा आणि रंगाचं तापमान (व्हाइट बॅलन्स) ३२०० केल्विनवर आणा, सगळं निळसर होतं. आणि रात्री करायचंच असेल तर मांडववाल्याचा ५०० वॅटचा हॅलोजन माणसांच्या मागं, लांब, उंचावर लावा आणि मधे शेणीचा धूर सोडा. मढ्यांच्या कडा तेवढ्या चमकतात, तोंडं काळी राहतात, आणि माझंही काम कमी होतं. धूर बंद खोलीत नको. हॅलोजन गवताच्या गंजीपासून दूर ठेवा, तो तापतो.

प्रत्येक जागेवर काम संपलं की सगळ्यांना गप्प करून ३० सेकंद नुसता तिथला आवाज घ्या. जोडकामात (एडिटिंगमध्ये) तो भोकं बुजवायला लागतो.

*मला यात काम करायचंय, पण सासूबाई म्हणतात, असं मेल्याचं सोंग घेणं अशुभ आहे, गावाला बाधतं. काय सांगू त्यांना? (एक वाचक, नंदगड)*

काही पटवायला जाऊ नका. त्यांना शूटिंगला बोलवा. ज्यांनी आपली माणसं स्वतःच्या हातांनी नेली आहेत, त्यांना मरणाचा खेळ बघवत नाही. त्यात मागासलेपण नाही.

आम्ही शूटिंग केलं ते घर ज्यांचं होतं त्या आजींनी किल्ली देताना एकच अट घातली: देवघराच्या खोलीत कुणी मेलेलं जायचं नाही आणि तिथं रोज दिवा लागला पाहिजे. आम्ही ती खोली सिनेमात बंदच ठेवली. पुढं पुतण्यानं गोष्टच अशी बदलली की मढी त्या दारापाशी येऊन थांबतात आणि मागं फिरतात. तो सिनेमातला सगळ्यांत चांगला प्रसंग झाला.

आम्ही स्वतःसाठी काही नियम घातले होते. स्मशानात शूटिंग नाही. तिरडी, मडकं वापरायचं नाही. यात्रेच्या आठवड्यात काम बंद. आमच्यातल्या एका मुलाचे वडील दोन महिन्यांपूर्वी गेले होते. त्याला मी विचारलं, “तुला काय करायचंय?” तो म्हणाला, “मी चहाचं बघतो.” शेवटपर्यंत त्यानं चहाचंच बघितलं, आणि त्याचं नाव आम्ही दिग्दर्शकाच्या खाली लावलं.

गावाला आधी सांगणं मात्र फार गरजेचं आहे. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला अर्ज द्या, तारीख आणि वेळ लिहून. आमचा एक पोरगा तोंडावर रक्त तसंच ठेवून मोटारसायकलवरून दूध आणायला गेला. समोरच्या टेम्पोवाल्यानं अपघात समजून करकचून ब्रेक मारला, मागचा दुचाकीवाला धडकता धडकता वाचला. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. रंगलेला माणूस शूटिंगच्या जागेबाहेर जाणार नाही, दूध दुसऱ्यानं आणायचं. कोयता दिसायला हवा असेल तर पुठ्ठ्याचा, वर चांदीचा कागद. खरा कोयता त्या आवारातच नको. रात्री भाताच्या शेतात पळायचे शॉट असतील तर आधी बॅटरी घेऊन दोघांनी सगळी वाट चालून बघायची, विहीर आणि साप दोन्ही त्याच अंधारात असतात.

ड्रोनचं दोघांनी विचारलंय, त्यांनाही इथंच सांगते. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला विमानतळ आहे. त्या बाजूला ड्रोनचा विचारही नको. भीमगडच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही, आणि किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या संरक्षित वास्तूत पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. गावातला बोळ त्याहून चांगला दिसतो.

*आमच्यात निम्मे कन्नड बोलणारे आहेत. सिनेमा कुठल्या भाषेत करावा? (एक वाचक, चिकोडी)*

जो जसा घरी बोलतो तसा बोलू दे. आमच्यात एकजण ओरडतो “बा इल्ली, बा इल्ली” (इकडं ये, इकडं ये), दुसरी म्हणते “अडसर लाव, काय करायलास?” आणि दोघं एकाच दाराला खांदा देतात. लिहिलेले संवाद पाठ करून घेतले तेव्हा सगळे शाळेच्या स्नेहसंमेलनासारखे बोलायला लागले होते. खाली मराठी आणि कन्नड दोन्ही ओळी द्या, आणि कन्नड ओळी कन्नड बोलणाऱ्याकडूनच तपासून घ्या. मढ्यांना तर भाषाच नाही, तिथं कुणालाही घ्या.

*फुकट काम करणाऱ्यांकडून काही लिहून घ्यावं का? मित्रच आहेत सगळे. (एक वाचक, येळ्ळूर)*

मित्र आहेत म्हणूनच घ्या. साधा एक कागद: मी या सिनेमात स्वखुशीनं काम केलं, माझं चित्रण वापरायला माझी हरकत नाही. खाली तुमची बाजूही लिहा: नाव पडद्यावर येईल, सिनेमाची प्रत मिळेल, आणि पैसे आले तर कसे वाटले जातील. १८ च्या खालच्यांसाठी आईवडिलांची सही, आणि त्यांना अंधार पडायच्या आत घरी सोडायचं. घरमालकाचीही सही घ्या. सिनेमाची गाणी मागं वाजवू नका, हक्काचा प्रश्न येतो. गावच्या भजनी मंडळाचा एक मृदंग आणि बंद खोलीतला एक श्वास एवढ्यावर आमचं संगीत झालं.

*आमची नायिका शूटिंग अर्ध्यावर असताना बेंगळूरला नोकरीला गेली. ६ प्रसंग बाकी आहेत. तिला गोष्टीत मारून टाकावं का? (एक वाचक, उचगाव)*

आधी तिला फोन करा आणि नोकरीबद्दल अभिनंदन करा. तुमच्या पत्रात ते कुठं दिसलं नाही.

मग वही काढा. सहाही प्रसंगांतल्या ज्या शॉटमध्ये तिचा चेहरा दिसलाच पाहिजे, ते वेगळे लिहा. मला वाटतं १०-१२ निघतील. बाकी सगळे पाठमोरे, हाताचे, दाराआडचे. त्यांना तिच्याच उंचीची दुसरी मुलगी, तीच ओढणी, तशीच वेणी. जखम डाव्या मनगटावर होती की उजव्या, ते आधीच्या चित्रणात बघून घ्या. जुन्या जखमांचे फोटो मी दर रविवारी काढून ठेवायची ते याचसाठी. तिचे संवाद तिच्या आवाजात लागतील, ते तिला तिकडंच कपड्यांच्या कपाटात तोंड घालून फोनवर रेकॉर्ड करून पाठवू दे. कपड्यांमुळं घुमत नाही.

चेहऱ्याच्या शॉटसाठी तिच्याकडं एकच दिवस मागा, तिला जमेल तो रविवार. सगळी तयारी आदल्या रात्री करून ठेवा, बाकीच्यांना तिच्या वेळेप्रमाणे बोलवा, आणि दुपारी ४ ला तिला मोकळं करा म्हणजे तिला घरी आईजवळ दोन तास बसता येईल. रात्रीच्या गाडीचं दोन्ही बाजूंचं भाडं तुम्ही द्या. आणि ती पहाटे स्टँडवर उतरेल तेव्हा तिथं कुणीतरी थांबलेलं असू द्या.